सावित्रीच्या पाण्याची खूण

महाडच्या बाजारपेठेत आमचे छोटेसे किराणा दुकान आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर माझ्या वडिलांनी गेरूने आडव्या रेषा ओढून ठेवल्या आहेत. पूर ओसरला की चिखल धुण्याआधी ते पाण्याची खूण करीत आणि शेजारी साल लिहीत. २००५ ची रेषा माझ्या छातीपर्यंत येते. पुढे वडील गेले. २०२१ ची रेषा मला ओढावी लागली, तीही शिडीवर चढून. मध्यंतरी रंगकाम काढले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, ही भिंत आता रंगवून टाकू या. येणारं-जाणारं माणूस बघून घाबरतं.” मला पटकन उत्तर सुचले नाही. नदीची सगळी हकिगतच आठवावी लागली.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिच्याबरोबर निघालेल्या कृष्णा आणि कोयना देशावर जातात. सावित्री कडा उतरून कोकणात येते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. तिथून महाड सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, पण उंचीने जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. म्हणजे एवढ्या थोड्या अंतरात नदी सारी उंची उतरून येते आणि महाडला आली की एकदम संथ होते. रायगडाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या काळ आणि गांधारी याच परिसरात तिला मिळतात. पुढे बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. वरून पाऊस आणि खालून भरती एकाच वेळी आली, की मधल्या महाडने काय करायचे?

पण हे गाव इथे वसले तेही या पाण्यामुळेच. गावाजवळच्या गांधारपाले टेकडीत सुमारे १,८०० वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. नदीतून आणि घाटातून व्यापार चालत असला पाहिजे, म्हणून तर भिक्षूंनी ही जागा निवडली. पुढे कित्येक शतके बाणकोटहून गलबते वर येत. मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाट चढे. कांदे, गूळ, हळद खाली उतरे. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तो रायगडही याच खोऱ्यातला. डोंगरांचे कवच आणि हाकेच्या अंतरावर समुद्राची वाट, अशी ही राजधानी होती.

या वाटेने आणखी एक इतिहास आला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेसाठी ते सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने निघाले, बाणकोटच्या खाडीतून दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला आले. पाण्यावरच्या हक्कासाठी आलेल्या माणसांना पाण्यानेच वाट दिली.

नंतर रस्ते झाले, पूल झाले, आणि आम्ही नदीकडे पाठ फिरवली. तिच्यात गाळ साचत गेला, काठाने बांधकामे उठली. जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. ज्या दासगावात बोटी लागत, तिथे डोंगर खाली आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि आमची बाजारपेठ बुडाली.

त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. ते हवेच होते. पण गाळ दर पावसाळ्यात डोंगरावरून पुन्हा येणार, आणि भरतीही यायची थांबणार नाही. तेव्हा आमचे शहाणपण एवढेच, की पाणी कुठवर येते ते विसरायचे नाही.

मी मुलाला हे सारे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तीन भिंती रंगवू. ही राहू दे.” आणि त्याने सुताराला बोलावून २०२१ च्या रेषेच्या हातभर वर पोटमाळा बांधून घेतला. आता आषाढ लागला, की साखर, डाळी, चहा आणि वहीखाते आधी वर चढते. मग आम्ही पावसाची वाट बघतो.