बंदुकीचा धक्का आणि बार काढणारा हात



वसंतातल्या व्याख्यानाला बंदुकीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या नावाने हे कर्वेनगर ओळखले जाते ते अण्णा दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. आणि आपल्यापैकीही कित्येकांच्या वाड्या-बागा कोकणात आहेत. तिकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात असणे नवलाचे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपवले. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो. तरीही रानडुकरे, वानरे पिटाळण्यासाठी बार काढावा लागतो, आणि बार काढल्यावर हात दुखतो, अशी तक्रार ऐकू येते.

हा धक्का येतो कोठून? न्यूटनने १६८७ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो: क्रियेइतकीच उलट प्रतिक्रिया. बारा बोअरच्या काडतुसातले ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने पुढे सुटतात. त्यांच्याबरोबर दारूचा वायूही सुटतो. त्याचा हिशेब म्हणून तीन किलोची बंदूक सेकंदाला चार-पाच मीटर वेगाने मागे येऊ पाहते. धक्का नाहीसा करता येत नाही. तो कोणी झेलायचा, एवढेच आपल्या हाती असते.

तो खांद्याने झेलावा. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट टेकलेला असला म्हणजे बंदूक आणि शरीर एक होते; वजन वाढते, वेग उतरतो. मध्ये बोटभर फट राहिली की बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. अंग किंचित पुढे झुकलेले, भार पुढच्या पायावर. मागे रेलून उभा राहणारा माणूस धक्क्याला आमंत्रणच देतो.

आता हाताकडे वळू. सर्वांत जास्त मार बसतो मधल्या बोटाला. चापाभोवतीच्या कडीची मागची बाजू त्याच्यावर आपटते. म्हणून ते बोट कडीला न चिकटवता थोडे मागे ठेवावे. दुनळीत दोन चाप असतात. मागचा चाप दाबताना पुढचा चाप तर्जनीच्या पाठीवर बसतो. तर्जनीचे पेर तेवढेच चापावर ठेवावे, बोट आत खुपसू नये. अंगठा बंदूक उघडण्याच्या किल्लीमागे उभा न ठेवता दस्त्याच्या मानेवरून पलीकडे वळवावा. पकड घट्ट हवी, पण आवळलेली नको. ढिल्या हातात बंदूक घसरते, आवळलेल्या मुठीतून हादरा मनगटात चढतो. डाव्या हाताने पुढचे लाकूड धरावे. नळी तापते आणि बोटे भाजतात.

साधनेही मदत करतात. दस्त्याला रबरी गादी, हाताला पातळ चामडी मोजे, आणि दस्ता आपल्या हाताच्या मापाचा. दस्ता आखूड असला की अंगठा नाकावर आपटतो. हलके काडतूस हा तर सर्वांत स्वस्त उपाय. ऑलिम्पिकच्या स्पर्धेत २४ ग्रॅम छर्रे वापरतात. वेग तोच धरला तर ३२ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅम घेतल्याने धक्क्यातली ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते.

ठासणीच्या बंदुकीबाबत मात्र एक इशारा. दारू अंदाजाने ओतू नये. जास्त दारूने धक्का तर वाढतोच, पण नळी फुटली तर डावा हातच जातो.

एवढ्याशा दुखण्याचा इतका ऊहापोह कशासाठी? दुखऱ्या हाताला आठवण असते. पुढच्या वेळी बार निघण्यापूर्वीच मन दचकते, डोळे मिटतात, नळी हलते. बागेच्या कडेला गडी असतो, पाऊलवाटेवर शाळेची मुले असतात. चुकलेले छर्रे कोणाला ओळखत नाहीत. हात दुखू लागला की त्या दिवशीचे बार थांबवावेत. बोटांना बधिरता आली किंवा सूज उतरेना तर वैद्याला दाखवावे.

बंदूक ज्याला उचलावीच लागते त्याने ती हाताला न भिता, पण परिणामाला भिऊन उचलावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.