बागेचा ठेका : दरपत्रक आणि करारनामा



धर्मशाळेच्या प्रांगणात बाग करावयाचे ठरले की न्यासाकडे तीन दरपत्रके येतात आणि सभेत सर्वप्रथम तळाचा आकडा वाचला जातो. कापडाच्या व्यवहारात पन्हा विचारल्याविना मीटरचा भाव कोणी ठरवीत नाही. बागेच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते.

मातीचेच उदाहरण घ्यावे. 1,000 चौरस फूट हिरवळीखाली 6 इंच लाल माती पसरावयाची, तर 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास माती लागते. 3 इंचांचा थर धरणाऱ्याचे काम अडीच ब्रासमध्ये भागते. दोन्ही कागदांवर ‘माती व शेणखत टाकून लॉन लावणे’ एवढेच लिहिलेले असते, आणि निम्मी माती टाकणारा स्वस्त ठरतो. त्यातही भुसभुशीत माती पाणी पडताच दबते; तेव्हा थर दबल्यानंतरचा मोजावयाचा, हे आधीच लिहून घ्यावे. म्हणूनच क्षेत्रफळ, थर, रोपांची जात, उंची, पिशवीचा आकार, नळजोडणी आणि कर धरून की वगळून, यांचा तक्ता न्यासानेच तयार करून सर्व ठेकेदारांस एकसारखा द्यावा. एखादा दर इतरांहून फारच कमी आढळल्यास हर्ष मानण्याआधी कारण विचारावे.

सार्वजनिक न्यासांच्या 1951 च्या नियमांनुसार, 5,000 रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय, हे लेखापरीक्षकास अहवालात नमूद करावे लागते. बागेतील पायवाट व कुंपण ही बांधकामेच होत. परंतु निविदा मागविल्या म्हणजे संशय संपला असे नाही. समाज लहान, ठेकेदार कोणाचा तरी नातलग निघतोच. अशा वेळी त्या विश्वस्ताने निर्णयाच्या वेळी बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. हे बोलणे अवघड, पण पुढे दात्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे त्याहून अवघड.

आणखी एक बाब सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. रोपांना खत म्हणून हाडांचा चुरा, ज्यास रोपवाटिकेत बोनमील म्हणतात, सर्रास घातला जातो. तो वापरू नये व कीटकनाशक फवारू नये, ही अट करारात स्पष्ट शब्दांत हवी. तोंडी सांगितलेले माळी बदलताच विसरले जाते.

देखभालीची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. आषाढात लावलेले रोप पावसाळ्यात कोणाचेही जगते. त्याची परीक्षा होते वैशाखात, आणि तोवर ठेकेदार हिशेब पुरा करून गेलेला असतो. यास्तव देखभाल बारा महिन्यांची ठरवावी. देयकाचा दहावा हिस्सा पुढील पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावा. वाळलेल्या रोपाऐवजी त्याच जातीचे व तेवढ्याच उंचीचे रोप न मिळाल्यास त्याची किंमत त्यातून वजा करता येईल, असे कलम उभयतांच्या सहीने करारातच असावे.