परसातला अळू : कधी काढावा, कसा खावा



जव्हार-मोखाड्याकडे न्हाणीचं पाणी मुरतं तिथं अळू असायचाच. त्याला पीक म्हणून कुणी मोजत नाही. पण लावणीच्या दिवसांत, कणगी तळाला गेलेली असते तेव्हा, ताटात भाजी येते ती याचीच.

आपली चूक होते ती घाईची. मृगाच्या पावसावर कोंब येतो, दोन पानं उघडतात, की आपण खुडून मोकळे. त्या वेळी झाड कंदातल्या साठ्यावर जगत असतं. पानं गेली की ते खंगतं आणि श्रावणात भाजीही नाही, पुढे कंदही नाही. निदान दीड-दोन महिने हात लावू नका. आषाढातच भाजी हवी, तर कंद वैशाखात न्हाणीच्या ओलीवर दीड-दोन फुटांवर लावा. पुढे काढणी करताना मधली सुरळी आणि दोन मोठी पानं झाडावर राखा. बाकीची उघडलेली, कोवळी पानं देठासकट घ्या. पुन्हा आठ-दहा दिवसांनी. संततधारेत पानांवर तपकिरी गोल डाग पडतात, तो करपा. ती पानं काढून लांब पुरा.

एक गोष्ट बजावून सांगतो. भातावर औषध मारल्यावर पंप न्हाणीशी धुवायचा नाही. ते पाणी अळवात जातं आणि तोच अळू संध्याकाळी चुलीवर चढतो.

आता खाजेचं. पानात, देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात, त्या जिभेत-घशात टोचतात. म्हणून चिंच, आमसूल किंवा ताक घालतात. पण आंबट ही शिजवण्याला जोड आहे, शिजवण्याच्या बदल्यात नाही! मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर ओल्या लाकडांनी चूल धरेना, म्हणून भाजी अर्धीकच्ची उतरवली. मोठ्यांनी तोंड वाकडं करून खाल्ली, पोरं मात्र रात्रभर घसा धरून रडत होती. पान-देठ चिरून उकळत्या पाण्यात टाका, ते पाणी ओता, मग आंबट घालून गाळ होईस्तोवर शिजवा. शिजली का, ते पळीने दाबून बघावं, चाखून नव्हे. चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावावं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू टाळलेला बरा.

खाज सुटलीच तर चुळा भराव्यात, गार ताक प्यावं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकू लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

कंद हवे असतील तर दसऱ्यानंतर पानं काढणं थांबवा. वैशाखातली लागण कार्तिक-मार्गशीर्षात पिवळी पडून झुकते, तेव्हा खणा. मोठे कंद खायला घ्या, बाजूची पिल्लं बियाण्याला राखून सावलीत कोरड्या मातीत ठेवा.