रोखीचें दुकान

दुकानदार गबर झाला म्हणजे त्यानें गिऱ्हाइकास कोठें तरी नाडलें असलेंच पाहिजे, असा समज जनमानसांत फार दिवसांचा आहे. तो नेहमींच खरा नसतो, याचें उदाहरण म्हणून अमेरिकेंतील जेम्स कॅश पेनी या कापडविक्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पेनी यांचा जन्म १८७५ सालीं मिसुरी संस्थानांत झाला. त्यांच्या नांवांतील 'कॅश' या शब्दाचा अर्थ रोकड. आणि योगायोग असा कीं, रोकड हेंच पुढें त्यांच्या व्यापाराचें सूत्र ठरलें. १४ एप्रिल १९०२ रोजीं वायोमिंग संस्थानांतील केमरर या कोळशाच्या खाणीच्या गांवीं त्यांनीं आपल्या दोन धन्यांच्या भागींत एक लहानसें दुकान उघडलें. पदरचे ५०० डॉलर व कर्जाऊ काढलेले १,५०० डॉलर, एवढाच त्यांचा वांटा. दुकानाच्या माळ्यावरच त्यांचा संसार होता. खाणींतील कामकरी खाणवाल्यांच्या दुकानांतून उधारीनें माल नेत. तेथें रोखीचें दुकान चालणें कठीणच दिसत होतें. पण पहिल्याच दिवशीं ४६६ डॉलर ५९ सेंटांची विक्री झाली!

यांतील मर्म सोपें आहे. उधारी नाहीं म्हणून बुडीत खातें नाहीं. आणि बुडीत खातें नाहीं म्हणून बुडव्यांच्या पापाचा भार प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या माथीं नाहीं. घासाघीस नाहीं, सर्वांस एकच भाव. दुसऱ्यानें आपल्याशीं जसें वागावें असें वाटतें तसेंच आपण त्याच्याशीं वागावें, या वचनावरून दुकानाचें नांवच 'सुवर्णनियम' असें होतें.

परंतु एक दुकान चांगलें चालविणें वेगळें आणि हजार दुकानें चालविणें वेगळें. त्यासाठीं पेनी यांनीं स्वतःस लाभलेली भागीची रीतच पुढें चालविली. जो व्यवस्थापक आपल्या जागीं बसण्याजोगा दुसरा माणूस तयार करील, त्यास नव्या दुकानांत तिसरा हिस्सा मिळे. त्यामुळें हाताखालच्या माणसास विद्या देण्यांत वरिष्ठाचा स्वार्थ गुंतला. एरवीं वरिष्ठ आपली कला चोरून ठेवतो; येथें ती वांटल्यानेंच त्याचा उत्कर्ष होई. १९१३ सालीं या दुकानांची रीतसर कंपनी झाली आणि १९२९ पर्यंत त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. पुढील महामंदींत पेनी यांची खासगी संपत्ति धुऊन निघाली. कंपनी मात्र तगली.

महायुद्धानंतर काळ पालटला. लोक शहराबाहेरील वस्त्यांत राहूं लागले व हप्त्यानें खरेदी करूं लागले. कंपनींतील विल्यम बॅटन यांनीं १९५७ सालीं संचालकांस स्पष्ट लिहून कळविलें कीं, गिऱ्हाईक बदललें असून आपण मात्र जेथल्या तेथें आहों. दुसऱ्याच वर्षीं उधारी सुरू झाली. ज्या नियमावर घर उभें राहिलें तोच मोडून घर वांचविलें!

कालांतरानें सवलतीचीं कुपनें व सदैव चालणारे सेल यांचा सुळसुळाट झाला. २०१२ सालीं रॉन जॉन्सन या नव्या प्रमुखानें तीं कुपनें बंद करून बाराही महिने एकच सरळ भाव ठेवण्याचें ठरविलें. तत्त्व मूळ पुरुषाचेंच. पण गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलें. एका वर्षांत विक्री सुमारें चतुर्थांशानें घटली आणि २०१३ च्या एप्रिलांत जॉन्सन यांस जावें लागलें. छापील किंमत खोटी व सूट खरी, अशी शिकवण दुकानानेंच लोकांस वर्षानुवर्षें दिली होती. ती एका फर्मानानें कशी पुसली जावी? २०२० च्या मे महिन्यांत कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, व त्याच वर्षअखेर दुसऱ्या मालकांनीं ती विकत घेतली.

केमररच्या खाणकामगारानें रोख पैसे मोजले, ते त्याचा त्या भावावर विश्वास बसला म्हणून. विश्वास हेंहि भांडवलच आहे. पण तें थेंबाथेंबानें सांचतें, आणि एकदां आटल्यावर कोणत्याहि पेढींतून कर्जाऊ मिळत नाहीं.