यंत्राला दिसते कसे?



सुवर्णमहोत्सवी सभेत शाळामास्तराने यंत्रावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ट्रस्टच्या तंत्रवर्गासाठी देणगीतून घेतलेल्या जुळणी-यंत्राला नवा, भारी किमतीचा कॅमेरा बसवावा काय, हा प्रश्न सभेपुढे आहे. मत देण्यापूर्वी हे यंत्र पाहते कसे, एवढे आपण समजून घ्यावे.

हे यंत्र सर्किट बोर्डावर सुटे भाग मांडते. भाग तरी केवढा? १ मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. मोहरीसुद्धा त्यापुढे ठसठशीत. यंत्राची नळी हवा ओढून फितीतला भाग उचलते. वरून खाली पाहणारा एक कॅमेरा बोर्डावरचे तांब्याचे खुणेचे ठिपके शोधून बोर्ड कोठे व किती तिरका ठेवला आहे ते सांगतो. खालून वर पाहणारा दुसरा कॅमेरा नळीला चिकटलेला भाग किती सरकला, किती फिरला, ते मोजतो. त्या मापाने यंत्र आपला हात सावरून घेते.

आता हिशेब पाहा. कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ६४० बिंदू आहेत आणि त्यांत १६ मिलिमीटर जागा मावते. म्हणजे एक बिंदू ०.०२५ मिलिमीटरचा. आपला भाग ४० बिंदू लांब आणि २० बिंदू रुंद दिसतो. शिकाऊ वर्गाच्या कामाला एवढी नजर पुष्कळ झाली. मग यंत्र अडते कोठे? उजेडापाशी.

तांदूळ निवडताना घरातील बाई ताट उजेडाकडे तिरके करते. खडा तांदळाच्याच रंगाचा. पण उजेड बाजूने आला की त्याची सावली पडते आणि तो सापडतो. (पुरुष मंडळींनी हा प्रयोग घरी अवश्य करावा.) यंत्राचेही तसेच आहे. कल्हई केलेला सपाट ठिपका आरशासारखा वागतो. बाजूच्या दिव्याचा उजेड तो भलतीकडे परतवतो, म्हणून कॅमेऱ्याला काळा दिसतो. तेथे अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवून उजेड कॅमेऱ्याच्याच रेषेतून खाली सोडावा लागतो. मग तोच ठिपका लख्ख उजळतो. ठिपका फुगीर असेल तर दिव्यांपुढे दुधी काच किंवा साधा बटर पेपर लावून उजेड मऊ करावा. ज्या चिपच्या पोटाखाली कथलाच्या बारीक गोळ्या असतात, तिला मात्र अगदी सपाट, बाजूचा उजेड हवा. गोळ्या चमकतात, पोट काळे राहते, आणि यंत्राला गोळ्या मोजता येतात.

आपल्या वर्गात दुपारी चारनंतर यंत्र चांगले भाग टाकून देऊ लागले. एका दुरुस्ती करणाऱ्याने कॅमेरा अधू ठरवून नव्याचा भाव सांगितला. वर्गातल्या एका मुलीने काही न बोलता पश्चिमेच्या खिडकीला पुठ्ठा लावला. भाग पडायचे थांबले! उन्हाची तिरीप कॅमेऱ्यावर येत होती, आणि कॅमेरा आपोआप उजेड जुळवू पाहत होता. ती आपोआपची सोय आम्ही बंद केली. छतावरच्या साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून चित्र घेण्याचा वेळ १० सहस्रांश सेकंदांवर कायम केला.

टाकलेला प्रत्येक भाग देणगीच्या पैशाचा असतो, हे एक. दुसरे असे की, उद्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात यंत्र अडले, तर पहिला बोल यंत्रावर बसलेल्या पोरीला लागेल. कॅमेरा, दिवा की खिडकी, हे तिला ओळखता आले तर ती मान वर करून उत्तर देईल. नवा कॅमेरा आणून आपण तिला हे शिकवू शकणार नाही.

म्हणून आमचे मत असे की, कॅमेरा घेऊ नये. वरचा आणि बाजूचा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असे दिवे घ्यावेत, त्यांना स्थिर वीज देणारा एक चांगला पुरवठा घ्यावा, आणि उरलेल्या पैशांतून खेड्यांवरून येणाऱ्या मुलींचे बसपास काढावेत. खिडकीला काळा पडदा लागेल, ७ फूट बाय ४ फूट. तो शिवून देण्याचे आमच्या घरातून कबूल झाले आहे. कापड मात्र ट्रस्टने द्यावे.