कॅप्सूलचं कवच आणि गळ्यातली माळ



इंद्रायणी आपल्या लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगवते, मावळातून वाहत देहूला आणि पुढे आळंदीला जाते. तिच्या काठच्या गावांत माळकरी बायका खूप. माळ घातली की मटण-मासे सुटले. मग कुणी ताकदीची म्हणून कॅप्सूल दिली की मनात येतं, हे वरचं चकचकीत कवच कशाचं? गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज खाली येतो. काही जणी तर कुणालाही न विचारता कॅप्सूल बंद करून टाकतात. आम्हाला काळजी वाटते ती याचीच.

तर हे कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. जिलेटिन म्हटलं की आपल्याला खाणीतल्या सुरुंगाच्या कांड्या आठवतात. त्या वेगळ्या. हे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. पायाचं सूप गार झालं की थिजतं ना, ते यामुळेच. पोटातल्या उबेनं कवच विरघळतं आणि आतलं औषध मोकळं होतं. कडू पावडर जिभेला लागत नाही, हा त्याचा एक उपयोग. कवचातून ताकद येत नाही. आता वनस्पतींच्या सेल्युलोजपासूनही कवच बनतं. डबीवर त्याचं नाव ‘एचपीएमसी’ असं असतं.

ओळखायचं कसं? दुकानात पूरक आहार म्हणून जी डबी मिळते ती कायद्यानं खाद्यपदार्थात मोडते. तिच्यावर चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या डब्यांवर तपकिरी ठिपकाही दिसेल. शिवाय घटकांची यादी वाचाच. अशा डबीवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असंही छापलेलं असतं, म्हणजे हे औषध नाही. बाजारच्या दिवशी कुणी हीच डबी गुडघेदुखी बरी करते म्हणून हजार रुपयांना गळ्यात मारू लागला, तर त्याला ती ओळ वाचून दाखवायला सांगा. डॉक्टर लिहून देतात त्या औषधांवर मात्र हिरवी-तपकिरी खूण असेलच असं नाही. तिथे तोंडानं विचारायचं: “डॉक्टर, मी माळकरी आहे, याचीच गोळी किंवा पातळ औषध मिळेल का?” यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बऱ्याचदा मिळतं. कॅप्सूल आपल्या मनानं उघडून पावडर खाऊ नका. काही औषधं जठरातल्या आम्लापासून वाचावीत म्हणूनच बंद केलेली असतात.

बाळंतपणात तर खंड नकोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आशाताई देतात ती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी फुकट असते, आणि ती गोळीच असते, कॅप्सूल नव्हे. गरोदरपणी १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. त्या गोळीच्या आगेमागे चहा नको, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. मध्ये दोन तास जाऊ द्या.

एक आपल्या पावसाचं. लोणावळा, पवन मावळात आषाढात मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे जिलेटिन कसं टिकणार? कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. डबीचं झाकण घट्ट लावा, आतली छोटी पुडी टाकू नका, आणि चुलीजवळच्या फळीवर डबी ठेवू नका. तिथे कवच कडक होऊन तडकतं. घेताना बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर ती घशात चिकटते.

पुढच्या बैठकीला घरातल्या डब्या घेऊन या. अक्षरं फार बारीक असतात, तेव्हा चष्माही आणा, किंवा शाळेत जाणारी नात.