वरणातली गोळी आणि कायदा



आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न नेहमी दबक्या आवाजात, रुग्णाला बाहेर बसवून विचारला जातो: ‘डॉक्टर, गोळी वरणात कालवून दिली तर चालेल ना?’ विचारणारी बहुधा आईच असते. तिला आम्ही दोष देत नाही. रात्री जागून काढल्यावर तिला सुचलेला तो एकच मार्ग असतो.

तथापि २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये चोरून औषध देण्यास मुभा देणारे एकही कलम नाही. कलम ४ अन्वये, निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून रुग्ण अक्षम ठरत नाही. क्षमता खरोखरच नसेल, तर कलम ८९ खाली दाखल झालेल्या रुग्णाच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो. पण तिची नोंद करावी लागते आणि दर सात दिवसांनी रुग्णाची क्षमता पुन्हा तपासावी लागते. कलम ९४ खालील तातडीचे उपचारही साधारणतः ७२ तासांपुरतेच. थोडक्यात, आईची माया ही कायद्याच्या दृष्टीने संमती नव्हे.

वैद्यकीय अडचणी निराळ्याच. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की सारी मात्रा एकदम अंगात जाते. ताट अर्धे राहिले, तर किती औषध पोटात गेले हे कोणी सांगावे? लिथियमसाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. ते चोरून कसे करणार?

एका तरुणाची हकिकत सांगतो. अन्नात विष घालतात, हाच त्याचा भ्रम होता. एके दिवशी कपाच्या तळाशी त्याला पांढरी भुकटी दिसली. त्याचा भ्रम आम्हा साऱ्यांपेक्षा खरा ठरला! त्याने घरचे अन्न सोडले. आईने जे केले ते आम्हांला ठाऊक होते. आम्ही तिला थांबवले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे आम्ही त्याला सारे सांगितले, त्याची क्षमा मागितली. त्यानंतर तीन महिने तो आमच्याशी बोलला नाही. अखेर त्याने स्वतःच मामांना आपले प्रतिनिधी नेमले आणि महिन्याकाठी एक इंजेक्शन घेण्याचे मान्य केले.

आता तो आईच्या हातचे जेवतो. चहा मात्र अजूनही स्वतःच करून घेतो.